पेशीविभाजन : एका पेशीतून दुसरी पेशी

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्म, चळवळ आणि शिक्षण या विषयांवर दरवर्षी अभ्यासपूर्ण लेखन येत असते. या वेळी आम्ही विज्ञानातील एक विषय वाचकांसमोर ठेवीत आहोत. तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. परीक्षेपुरता तो पाठ केला जातो आणि निकाल लागला की विसरला जातो. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत आकडेमोड करणारे. तेव्हा हा लेख शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञांसाठी लिहिलेला नाही. सामान्य माणसाने सामान्य माणसाला समजावे म्हणून लिहिलेला आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. विदर्भातील आपल्या अनेक वस्त्यांमध्ये एखादे लेकरू वारंवार आजारी पडते. डोळे पिवळे होतात, हातपाय सुजतात, सांधे दुखू लागले की रात्रभर रडते. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते करणी केली, कोणी म्हणते गेल्या जन्मीचे पाप. घरात नवी आलेली सून असेल तर ती पांढऱ्या पायाची ठरते. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या समाजात ही भाषा शोभत नाही. परंतु नुसते “शोभत नाही” म्हणून भागत नाही. त्या लेकराला झाले तरी काय, याचे खरे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. ते उत्तर पेशीविभाजनात आहे.

पेशी कोठून येते?

घर जसे विटांचे, तसे सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. जिवाणूचे सगळे शरीर म्हणजे एकच पेशी. प्रौढ माणसाच्या शरीरात मात्र सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य पेशी म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी होत.

१६६५ साली इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्याला लहान लहान कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्याने दिलेल्या नावावरूनच पेशीचे इंग्रजी नाव रूढ झाले. पुढे १८३८ साली श्लायडेन याने वनस्पतींविषयी आणि १८३९ साली श्वान याने प्राण्यांविषयी असे मांडले की, सर्व सजीव पेशींचेच बनलेले असतात. परंतु नवी पेशी येते कोठून, या प्रश्नावर दोघेही चुकले. साखरेच्या पाकात जसे खडे धरतात, तशा पेशी एखाद्या द्रवातून आपोआप तयार होत असाव्यात असे त्यांना वाटत होते.

ही चूक दाखवून देणाऱ्यांत रॉबर्ट रेमाक यांचे नाव मानाने घेतले पाहिजे. कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भाच्या रक्तपेशी पाहताना एका पेशीच्या दोन पेशी होतात, हे त्यांना दिसले. १८५२ पर्यंत त्यांनी ठामपणे मांडले की, पेशी ही पेशीच्या विभाजनानेच जन्माला येते. रेमाक हे ज्यू होते. त्या काळी बर्लिन येथे ज्यू माणसास पूर्ण प्राध्यापकपद मिळणे जवळजवळ अशक्य होते. धर्म बदलला असता तर वाट मोकळी झाली असती, पण ते त्यांनी केले नाही आणि ते पद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. प्रत्येक पेशी पेशीपासूनच होते, हे सूत्र १८५५ साली रुडॉल्फ फिरशो यांनी मांडले व ते जगभर त्यांच्याच नावाने गाजले. ज्याला उंबरठ्यावर अडविले त्याचेही ज्ञानातील योगदान केवढे असते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मूळ प्रत आणि नक्कल

पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. केंद्रकात गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. ही संख्या बरीच वर्षे ४८ समजली जात होती. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, म्हणजे १९५६ साली, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या त्यो आणि लेवान या दोघांनी ती ४६ असल्याचे दाखविले.

गुणसूत्रात डीएनए नावाचा अतिशय लांब धागा गुंडाळलेला असतो. एका पेशीतील हे सर्व धागे उलगडून एकापुढे एक ठेवले तर लांबी सुमारे दोन मीटर भरते. या धाग्यावर ए, टी, जी आणि सी अशा चारच रासायनिक अक्षरांत शरीर घडविण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. एका कामाची सूचना असलेल्या तुकड्यास जनुक म्हणतात.

पेशीच्या दोन पेशी व्हावयाच्या म्हणजे केवळ मधोमध भिंत घालून चालत नाही. दोघींनाही सूचनांचा पूर्ण संच मिळाला पाहिजे. म्हणून विभाजनापूर्वी पेशी आपल्या सर्व डीएनएची नक्कल करते. एका खात्याच्या नोंदवहीची हुबेहूब दुसरी वही तयार करावी आणि मगच शाखेच्या दोन शाखा कराव्यात, तसा हा प्रकार आहे. त्यानंतर सूत्री विभाजन सुरू होते. त्याच्या चार अवस्था विद्यार्थ्यांनी क्रमाने लक्षात ठेवाव्यात.

१) पूर्वावस्था : विखुरलेले धागे आखूड व जाड होतात. प्रत्येक गुणसूत्र आता दुहेरी दिसते, कारण त्याची नक्कल त्याला चिकटलेली असते. केंद्रकाचे आवरण नाहीसे होऊ लागते.

२) मध्यावस्था : सर्व गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी एका ओळीत उभी राहतात. पेशीच्या दोन्ही टोकांकडून आलेले तुर्कतंतू त्यांना पकडतात.

३) पश्चावस्था : मूळ प्रत आणि नक्कल एकमेकींपासून सुटतात. एक या टोकाकडे, दुसरी त्या टोकाकडे ओढली जाते.

४) अंत्यावस्था : दोन्ही टोकांना नवी केंद्रके तयार होतात. त्यानंतर पेशीद्रव्याचीही वाटणी होऊन दोन स्वतंत्र पेशी होतात.

धाग्यांची ही हालचाल जर्मनीतील वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी रंगवून पाहिली व १८८२ साली ग्रंथरूपाने मांडली. यात उरलेसुरले कोणाच्या वाट्याला येत नाही. दोन्ही पेशींना ४६ च्या ४६ गुणसूत्रे मिळतात. येथे थोरली-धाकटी, वरची-खालची असा भेद नाही.

या दुपटीचा वेग पाहण्यासारखा आहे. एकाच्या दोन, दोनाच्या चार असे दहा वेळा झाले की १,०२४ होतात. वीस वेळा झाले की दहा लाखांवर आणि तीस वेळा झाले की १०७ कोटींवर जातात. चक्रवाढीचे व्याज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. आईच्या उदरातील एका फलित पेशीपासून नऊ महिन्यांत बाळ तयार होते ते याच हिशेबाने.

जन्मानंतरही विभाजन थांबत नाही. जखम भरते, केस वाढतात, कातडीचा वरचा थर गळून नवा येतो, हे सारे विभाजनाचेच काम आहे. मात्र या कामाला लगाम असतो. किती वाढायचे आणि कोठे थांबायचे याच्या सूचनाही जनुकांतच असतात. त्या सूचना बिघडल्या आणि पेशी बेलगाम वाढू लागल्या की त्यास कर्करोग म्हणतात. तंबाखूने व सुपारीने तोंडातील पेशींच्या सूचना बिघडतात. खर्रा खाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी एवढे एक वाक्य तरी पुन्हा वाचावे.

रक्ताचा कारखाना

तांबड्या रक्तपेशीची गोष्ट थोडी वेगळी आहे. रक्तात उतरताना ती आपले केंद्रक टाकून देते, म्हणून ती स्वतः विभाजित होऊ शकत नाही. सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहून नेण्याचे काम करून ती नष्ट होते. तिच्या जागी नवी पेशी लागते. ती हाडांच्या मज्जेतील मूळपेशींच्या विभाजनातून तयार होते. निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात.

आता कल्पना करा की मूळ प्रतीतच एका अक्षराची चूक आहे. नक्कल हुबेहूब होते, म्हणून चूकही हुबेहूब उतरते. मज्जेतून निघणाऱ्या सर्व तांबड्या पेशी त्याच चुकीच्या सूचनेप्रमाणे घडतात. सिकलसेल आजारात नेमके हेच होते. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन घडविण्याच्या सूचनेत ए या अक्षराच्या जागी टी पडलेला असतो. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. एवढ्या एका अक्षराने हिमोग्लोबिनचा स्वभाव बदलतो. प्राणवायू कमी झाला की ते पेशीत एकमेकांना चिकटून त्याच्या कांड्या होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य वेदना होतात. त्या लवकर मोडतात. १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच टिकतात. त्यामुळे रक्त कमी पडते व डोळे पिवळे दिसतात.

बाळ जन्मते तेव्हा ते चांगले गुटगुटीत असते. याचे कारण असे की, गर्भातील हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनते व जन्मानंतर काही महिने ते पुरते. साधारण पाच-सहा महिन्यांनी ते कमी झाले की त्रास सुरू होतो. “काल-परवापर्यंत खेळत होते, कोणाची तरी नजर लागली” असे म्हणतात ते यामुळे. नजर कोणाचीच लागलेली नसते. एक हिमोग्लोबिन संपून दुसरे सुरू झालेले असते.

हा आजार संसर्गाने होत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्या अंथरुणात झोपल्याने तो लागत नाही. अस्पृश्यता भोगलेल्या समाजाने आपल्याच आजारी लेकराला दूर बसवावे, यासारखे दुर्दैव नाही.

निम्मे आईचे, निम्मे बापाचे

मग ही चूक लेकराकडे आली कशी? त्यासाठी विभाजनाचा दुसरा प्रकार पाहावा लागतो. त्यास अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. ते केवळ स्त्रीबीज व शुक्रपेशी तयार होताना घडते. यात नक्कल एकदाच होते, पण विभाजन लागोपाठ दोनदा होते. त्यामुळे ४६ ऐवजी २३ गुणसूत्रे, म्हणजे प्रत्येक जोडीतील एकच, बीजपेशीत जाते. आईची २३ आणि बापाची २३ मिळून बाळाची पुन्हा ४६ होतात. दोघांचा वाटा सारखा असतो, हे बेल्जियमच्या व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या पोटातील जंतावर अभ्यास करून १८८३ साली दाखविले.

जोडीतील कोणते गुणसूत्र बीजपेशीत जाईल, हे नाणे उडविल्यासारखे आहे. ते आईच्या हाती नाही, बापाच्या हाती नाही, कोणा देवाच्याही हाती नाही. जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीतून एक्स गुणसूत्र आले की वाय, यावर ठरते. तेव्हा मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणारे घर विज्ञानाच्या परीक्षेत नापास आहे.

सिकलसेलच्या बाबतीत तीन प्रकारची माणसे असतात. दोन्ही जनुके चांगली असतील तर एए. एक चांगले व एक सदोष असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सदोष असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक माणूस सामान्यतः निरोगी असतो. तो शेतात राबतो, गिरणीत काम करतो, त्याला आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते.

आता हिशेब पाहू. पती एएस आणि पत्नी एए असेल तर प्रत्येक अपत्य एए किंवा एएस होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. एसएस रुग्ण या जोडप्यास होत नाही. पती-पत्नी दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गर्भारपणात एए होण्याची शक्यता शंभरात पंचवीस, एएस होण्याची पन्नास आणि एसएस होण्याची पंचवीस. येथे एक गैरसमज फार मोठा आहे. “पहिले लेकरू आजारी झाले, चारांतला एक वाटा संपला, आता पुढची तिन्ही चांगली” असे अनेकांना वाटते. तसे नाही. नाण्याला मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक गर्भारपणात शक्यता पुन्हा तेवढीच असते.

आणि मुख्य गोष्ट ही की, एसएस अपत्यास एक सदोष जनुक आईकडून व एक बापाकडून आलेले असते. दोष द्यायचाच म्हटले तर तो दोघांकडे सारखा जातो. पण दोष मुळात कोणाचाच नाही.

पाप नव्हे, कारण

हे सदोष जनुक आपल्याच लोकांत एवढे का, असाही प्रश्न येतो. ते केवळ आपल्यात नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांतही ते आहे. महाराष्ट्रात विदर्भातील बौद्ध व आदिवासी समाजांत आणि नंदुरबारकडील आदिवासींत ते अधिक आढळते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखविले की, एएस वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे जेथे मलेरियाने माणसे मरत होती, तेथे वाहक अधिक जगले आणि त्यांचे जनुक पुढच्या पिढ्यांत टिकून राहिले. हा शाप नव्हे. पूर्वजांनी रोगाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे. तिची किंमत आज एसएस लेकरांना मोजावी लागते, एवढेच.

तथागतांनी शिकविले की कारणाशिवाय काही घडत नाही व कारण दूर केले की दुःख दूर करता येते. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. तेथे त्यांनी आनुवंशशास्त्राचाच आधार घेतला आहे. अपत्याला गुणधर्म मिळतात ते आईबापांकडून. मग गतजन्मीचे पाप शरीरात शिरणार कोणत्या वाटेने, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आपण वर पाहिलेले पेशीविभाजन म्हणजे त्याच विवेचनाचा शास्त्रीय पुरावा होय. बीजपेशीतून २३ गुणसूत्रे येतात. तेथे पापपुण्याची नोंद कोठेही नसते.

आपण काय करावे?

१) प्रत्येक तरुण-तरुणीने लग्न ठरण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात त्याची सोय असते. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. त्यात सदोष हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. एएस की एसएस हे कळत नाही. म्हणून “पॉझिटिव्ह” एवढ्या शब्दावर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी करावी. एक जण वाहक असेल तर दुसऱ्यानेही ही पुढची चाचणी करावी, कारण थॅलेसेमियाचे जनुक सिकलसेलच्या जनुकाशी मिळाले तरी आजार होऊ शकतो.

२) वधू-वर परिचय मेळाव्यात शिक्षण व नोकरीबरोबर या तपासणीचीही विचारणा व्हावी. मात्र वाहक मुलीला नाकारण्यासाठी नव्हे. एएस मुलीचा एए मुलाशी विवाह होण्यास काहीच अडचण नाही. मुलीचा अहवाल मागणाऱ्याने आधी मुलाचा अहवाल टेबलावर ठेवावा.

३) दोघेही वाहक असून विवाह झालेला असेल तर घाबरू नये. गर्भ राहताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी लवकर करता येते.

४) रुग्णास भरपूर पाणी द्यावे, थंडीपासून व अतिश्रमापासून जपावे, लसी वेळेवर द्याव्यात. ताप आल्यास अंगारा न लावता दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते व वेदनेचे झटके कमी होतात.

शासनानेही या कामास हात घातला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्यात ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने एका नव्या उपचारास मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या मज्जेतील मूळपेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकात बदल करतात व त्या परत सोडतात. मूळपेशी विभाजित होत राहते, म्हणून एकदा केलेला बदल तिच्यापासून होणाऱ्या पुढच्या पेशींत उतरतो. ज्या नियमाने चूक वाढत होती, त्याच नियमाने आता उपचारही वाढतो. हा उपचार आज गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे. तो आवाक्यात यावा ही मागणी चळवळीची व्हावयास हवी, आणि तो संशोधनाने स्वस्त करणारे हात आपल्या विद्यार्थ्यांचेही असावेत, ही आमची इच्छा आहे.

पेशी आपल्याजवळचे सर्व दुसऱ्या पेशीला देते, काही राखून ठेवीत नाही. ज्ञानाचेही तसेच करावे. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने तो किमान दोघांना समजावून सांगावा आणि त्या दोघांनी आणखी दोघांना. दुपटीचा हिशेब आपण वर पाहिलाच आहे. दहा पायऱ्यांत एक वस्ती, वीस पायऱ्यांत एक जिल्हा जागा होईल. मग कोणत्याही वस्तीत आजारी लेकराची आई मान खाली घालून उभी राहणार नाही.

जयभीम!